दूध पुरत नाही, म्हणजे काय पुरत नाही?

मुंबई-आग्रा महामार्गानं धुळ्याहून शिरपूरच्या बाजूला निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आणि खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशभर ओळखलं जाणारं गाव. इथं काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात काय, घरात तान्हं मूल आलं की आठवड्याभरात एक वाक्य कानावर येतंच: 'पोरले दूध पुरस नई.' पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही हेच वाक्य म्हटलं जातं, फक्त प्रमाण मराठीत. गंमत अशी की वाक्यात आईचं नावही नसतं, तरी पिंजऱ्यात उभी राहते तीच. दूध तिचं, कमी तिची, दोष तिचा. हे वाक्य खरं केव्हा असतं, आणि खरं नसतं तेव्हा नेमकं काय पुरत नसतं, एवढंच इथं तपासायचं आहे. त्यासाठी दोन बायकांना समोरासमोर बसवू. एक आजी, तांबटाच्या घरातली, स्वतःची चार आणि लेकी-सुनांची त्याहून जास्त बाळंतपणं निस्तरलेली. दुसरी आरोग्य केंद्रातली सिस्टर, लसीकरणाची पिशवी खांद्याला. दोघी कल्पनेतल्या आहेत, पण त्यांचे मुद्दे घरोघरचे आहेत, आणि दोघींपैकी अडाणी कुणीच नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा लेखांत आजीला हरवण्यासाठीच उभं केलेलं असतं.

सिस्टर सुरुवात चिकापासून करते. "आजी, पहिले दोन-तीन दिवस पिवळसर, घट्ट दूध येतं, ते पिळून टाकलं ना?" आजी कबूल करते. "टाकलं. नऊ महिने साचलेलं ते, कोवळ्या पोटाला पचायचं कसं? तोवर मधाचं बोट चाटवलं, गुळाचं पाणी दिलं." सिस्टर विचारते, "आणि गोठ्यातली गाय व्याली, तर वासराला चीक पाजता की नाही?" आजी क्षणभर गप्प होते आणि म्हणते, "पाजतो की. चीक नाही मिळाला तर वासरू जगत नाही." इथं वाद संपायला हवा, कारण भाषेनंच निकाल दिलेला आहे. गाईच्या पहिल्या दुधाला आपण चीक म्हणतो, बाईच्या पहिल्या दुधालाही चीकच म्हणतो. एकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटतो, दुसरा मोरीत ओततो. वासराच्या बाबतीत शेतकऱ्याला जे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे तेच विज्ञान बाळाच्या बाबतीत सांगतं: या दुधात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात, 'अ' जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि ते थोडंच येतं कारण बाळाला तेवढंच लागतं. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभरानं त्याचं भागतं. वाटी भरत नाही म्हणून 'दूधच नाही' असं जे ठरवलं जातं, ती चूक पहिल्याच दिवशी होते आणि पुढच्या सगळ्या चुका तिच्या पाठीवर बसून येतात. मधाचं म्हणाल तर एक वर्षाच्या आतल्या मुलाला तो देऊच नये. त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारी विषबाधा होते.

आता आजीची पाळी. "चिकाचं पटलं बाई. पण तो पाजायचा कुणी आणि कुठं? बाळंतपण तर आता तुमच्याकडे. पोरगी टेबलावर, टाके घालणं चाललेलं, बाळ पुसून दुसऱ्या खोलीत, आणि मी दाराबाहेर. पहिल्या तासाचा जाब मला का विचारता?" हा प्रश्न मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत वजनदार वाटतो, आणि आकडे आजीच्या बाजूनं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातली ९०.३ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ती ९४.७ टक्के झाली. जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण मात्र ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर घसरलं. म्हणजे दवाखान्यात जन्मणारी मुलं वाढली आणि वेळेवर छातीशी लागणारी कमी झाली. याच काळात सिझेरियनचं प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेलं. पोटावर ताजी जखम असलेल्या बाईला कुशीवर वळवून बाळ कुणी लावून दिलं नाही तर तास काय, दिवसही निघून जातो. सिझेरियननंतर दूध उतरायलाही थोडा उशीर होतो. आता दुसरा आकडा पाहा. सहा महिन्यांच्या आतल्या ज्या बाळांना निव्वळ आईच्या दुधावर ठेवलेलं होतं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात ५६.६ वरून ७१ टक्क्यांवर चढलं. पहिला तास दवाखान्याच्या हातात असतो, पुढचे सहा महिने घराच्या. घर सुधारलं, दवाखाना घसरला. कुणी म्हणेल, हा दुसरा आकडा फक्त आदल्या दिवशी बाळाला काय दिलं यावरून काढलेला असतो, त्यावरून शंभरातली ७१ मुलं सहाही महिने तशीच राहिली असं होत नाही. बरोबर आहे, होत नाही. पण दोन्ही फेऱ्यांत मोजण्याची रीत तीच होती, त्यामुळे वर गेलं की खाली आलं एवढं तरी कळतंच. 'अडाणी सासू आणि शहाणा दवाखाना' ही जी गोष्ट आपण पोस्टरांवर रंगवतो, तिला हे आकडे साथ देत नाहीत.

सिस्टर रागावत नाही. तिला हे रोज दिसतं. एका वेळी किती खाटा, किती लसी, किती रजिस्टरं, हे ती सांगत बसत नाही, ती थेट बाळाकडे वळते आणि म्हणते, "आजी, जरा इकडे या, बघा हे कसं ओढतंय." आणि इथं जरा थांबून पाहिलं पाहिजे, कारण सगळी लढाई या दोन बोटं जागेत जिंकली किंवा हरली जाते. बाळ फक्त बोंडाला धरून चोखतंय. ओठ आत दुमडलेले, गालाला खळ्या पडताहेत, चुटचुट आवाज येतोय, आणि आई पायाची बोटं आवळून, डोळे मिटून कळ सोसते आहे. सिस्टर आईची करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवते, पकड सुटते. बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं दिसतं. आता बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक बोंडासमोर, मान मोकळी. वरच्या ओठाला बोंड लागलं की बाळ जांभई दिल्यासारखा मोठा आ करतं. त्याच क्षणी त्याला जवळ ओढायचं, आपण त्याच्यावर वाकायचं नाही. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर पडलेला, काळसर भाग वरून थोडा दिसतो, खालून जवळजवळ दिसतच नाही. आवाज बदलतो. चुटचुट थांबून गिळण्याचा घुटका ऐकू येतो, मध्ये क्षणभर विसावा, पुन्हा घुटका. आईची बोटं सैल पडतात. यात औषध नाही, इंजेक्शन नाही, आणि तरीही हे शिकवायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दवाखान्यात कुणाकडे नसतो आणि घरात कुणाला माहीत नसतो. दूध 'न पुरण्याची' मोठी पैदास या पोकळीत होते: पकड चुकली की बोंडाला चिरा, चिरा पडल्या की आई दूध पाजणं लांबवते, लांबवलं की छाती दगडासारखी भरते, साचून राहिलेलं दूध शरीराला 'आता बनवू नको' असा निरोप देतं, आणि मग खरंच दूध कमी होतं. तोवर वरच्या दुधाची वाटी आलेली असते. वाटीनं पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, म्हणून आणखी कमी बनतं. आई नापास झाली असं सगळे म्हणतात. खरं तर तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

आजीचा पुढचा मुद्दा नेहमीचा आणि म्हणूनच नीट ऐकायचा. "आमची पोरं वरच्या दुधावरच वाढली. गाईचं दूध, पाणी घालून, पितळीत तापवून. मेली का ती?" या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देता येतं: काही मेली. उरलेल्यांच्याच आठवणी सांगायला माणसं उरतात, हा त्यातला साधा हिशेब. पण सोनगीरच्या तांबटाच्या घरात या उत्तराला एक वेगळं, फारसं सांगितलं न गेलेलं प्रकरण जोडावं लागतं, आणि ते महाराष्ट्रातलंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातल्या डॉक्टरांना लहान मुलांचा एक यकृताचा आजार ठाऊक होता. पहिली नोंद कोलकात्याची, १८८७ची. सहा महिने ते चार-पाच वर्षांची मुलं. पोट फुगतं, यकृत दगडासारखं कठीण लागतं, कावीळ होते आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावतात. 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' असं त्याचं नावच पडलं. एकाच घरात दोन-दोन भावंडं जायची, म्हणून तो रक्तातला, म्हणजे आईबापांकडून आलेला दोष मानला गेला. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांच्या पाजण्याचा इतिहास खोदून काढला. आजारी मुलं आणि त्याच वयाची निरोगी मुलं यांची तुलना केली. आजारी मुलांना लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं. त्यांच्या यकृतात तांबं भरमसाट साठलेलं होतं. दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्याचं तांबं खेचून घेतं. तान्ह्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही.

इथं पितळेला शिव्या घालायचं कारण नाही, आणि सोनगीरच्या कारागिरांवर बोट दाखवायचं तर मुळीच नाही. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवी, हे तांबटाइतकं कुणाला कळतं? भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, धुराचा भपका उठला की कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं तो आतून सगळीकडे पुसून घ्यायचा. क्षणात पिवळी पातेली चांदीची दिसायला लागते. हा थर असेपर्यंत पदार्थ आणि पितळ यांची गाठ पडत नाही. पण कल्हई झिजते, पैसे नसले की लांबते, आणि दुधाच्या लोटीला ती लावायची आठवण कुणाला राहते? काही संशोधकांच्या मते या आजारात शरीराचा उपजत कलही असावा. असेल. पण स्टील आणि ॲल्युमिनियम स्वयंपाकघरात आलं, वरचं दूध लवकर देण्याविरुद्ध सांगितलं जाऊ लागलं आणि १९९०च्या दशकात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. रक्तातला दोष असा एका पिढीत जात नाही. जवळपास शंभर वर्षं ज्या मुलांच्या मरणाचं खापर आई-बापाच्या बीजावर फुटत होतं, त्याचं मोठं कारण चुलीवरच्या भांड्यात होतं. आजही 'दूध पुरत नाही' म्हणून आपण आईच्या छातीकडे पाहतो तेव्हा हेच प्रकरण आठवावं, आणि आधी आजूबाजूची भांडी तपासावीत.

पाण्याचा प्रश्न त्या मानानं लवकर मिटतो. "मे महिन्यात इथं चाळीस-बेचाळीस होतं, बाई. आपल्याला घोटाघोटाला पाणी लागतं आणि लेकराला सहा महिने थेंब नाही?" शंका रास्त, पण आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं, आणि उष्ण प्रदेशांत केलेल्या पाहण्यांतही निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांना वरून पाणी लागत नाही असंच दिसलं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा ओढतं, इतकंच. पाणी पाजायचंय ते आईला, तांब्या भरून, आणि 'बाळंतिणीनं पाणी बेतानं प्यावं' हा जो दंडक काही घरांत अजून आहे तो आधी मोडायला हवा. गुटी नको, खोलीतली धुरी नको, असं सिस्टर सांगते ते ऐकावं. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण आता सिस्टरनंही ऐकायला हवं. आजी म्हणते, "तुम्ही तिसऱ्या दिवशी घरी पाठवता. दूध उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. छाती फुटायला येते, अंगात कणकण, पोरगी रडते, पोर रडतं. रात्री दोन वाजता तुमचं पोस्टर येतं का तिच्याजवळ बसायला? मी असते. म्हणून सव्वा महिना." हा सव्वा महिना ही आपल्या बायकांनी बसवलेली फार विचारी व्यवस्था आहे, असं माझं मत आहे, आणि तिला सरसकट अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनी तिचा ताळेबंद पाहिलेला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतिणीनं चुलीजवळ जायचं नाही, पाणी भरायचं नाही. अंगाला तेल, शेक. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, तुपात भिजलेली बाजरीची भाकरी. मेथी-अळिवानं दूध वाढतं याचा पुरावा कच्चाच आहे, पण पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सहाशेच्या आसपास कॅलरी जास्त लागतात, आणि लाडू त्या मुकाट्यानं देतो. दूध बनवायला सांगणारं संप्रेरक रात्रीच्या पाजण्यानं चढतं, तेव्हा आईला दिवसा झोप मिळायला हवी. पान्हा सोडणारं दुसरं संप्रेरक भीती, वेदना आणि टोमणे यांनी अडतं, तेव्हा आईभोवती तिची माणसं हवीत. 'पान्हा फुटणं' हा शब्द मायेसाठीही वापरणाऱ्या भाषेला हे पुस्तक न वाचता माहीत होतं. या रीतीत चुका होत्या त्या बाळाच्या तोंडात काय घालायचं याबद्दलच्या. आईभोवती काय उभं करायचं याबद्दल ती बरोबर होती. दवाखान्याचं नेमकं उलट आहे. तोंडात काय घालायचं ते त्याला पक्कं ठाऊक आहे, पण आईजवळ बसायला माणूस नाही.

आणि या रीतीतही एक खोच आहे, जी दोघींच्या नजरेतून सुटते. बाळाचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखराला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. हे निरोगी, भरपेट बाळाबद्दल आहे. संध्याकाळी तर ते दर अर्ध्या तासानं छातीला लागतं, सोडतं, पुन्हा लागतं. आता हिशेब करा: सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. म्हणजे तेल-शेक थांबतो, पाहुणी माणसं परततात, बाळंतीण उठून भाकरी थापायला लागते, ते नेमकं त्याच आठवड्यात ज्यात बाळ सर्वांत जास्त रडणार आहे. मग 'पोर रडस, म्हणजे दूध पुरस नई' हे वाक्य जोर धरतं आणि मेडिकलमधून दुधाच्या पावडरीचा डबा येतो. डबा आणण्याआधी दोनच गोष्टी मोजाव्यात: चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा पिवळट नसलेली, स्वच्छ लघवी होते का, आणि वजन चढतंय का. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनाला परत यायला हवं. हे दोन्ही ठीक असेल तर दूध पुरतंय. रडण्याला खांदा लागतो, आणि तो आईचाच असायला हवा असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. बाप या लेखात आतापर्यंत आला नाही, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. घरातही तो असाच उशिरा येतो. पाजणं सोडून बाकी सगळं त्याला करता येतं: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री उठून बाळ आईकडे देणं.

आता तिसरा आवाज, ज्याला दोघी बोलू देत नाहीत. बाळंतीण स्वतः. ती म्हणेल, "तुम्ही दोघी माझ्या छातीवरून भांडताय. आई म्हणते लाडू खा, सिस्टर म्हणते पकड सुधार. आणि मला नाही जमलं तर? मला नकोच असेल तर?" हा आक्षेप शहरी चोचला म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. आईचं दूध अमृत आहे असं शंभरदा सांगितलं की ज्या बाईला ते खरंच येत नाही, तिनं मुलाला विष दिल्यासारखं होतं. अशा बाया थोड्या असतात, पण असतात: बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या, वारेचा तुकडा आत राहिलेल्या, थायरॉइडच्या, स्तनांवर शस्त्रक्रिया झालेल्या, किंवा मुळातच दुधाच्या ग्रंथी नीट न वाढलेल्या. त्यांच्या बाळासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं डब्याचं दूध हे अन्न आहे, पाप नव्हे. वाटी-चमच्यानं, उकळलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापानं. कमी दिवसांच्या, नाजूक बाळांसाठी दुसऱ्या आयांचं दूध मिळू शकतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयातच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. १९९२च्या कायद्यानं डब्याच्या दुधाची जाहिरात, फुकट नमुने आणि डब्यावर बाळाचं चित्र या सगळ्यांवर बंदी आणली ती कंपन्यांना आवरण्यासाठी. त्या कायद्याचा दंडुका करून आईला लाज वाटायला लावणं हा त्याचा गैरवापर आहे.

शिवाय मनाचं. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याचा जाच आणि मुलगी झाली म्हणून नाराज घर, ही त्यामागची कारणं ठळक दिसली. पुढे भारतभरच्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हाही आकडा २२ टक्क्यांच्या आसपासच आला. म्हणजे चार-पाच बाळंतिणींमागे एक. पहिल्या आठवड्यातला रडवेपणा बहुतेकींना येतो आणि जातो. पण दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही, 'मी मेले तर बरं' असं मनात येतं, तर तिला दूध वाढवायचा लाडू पुरणार नाही. तिला डॉक्टरकडे न्यावं लागेल, त्याच दिवशी. आजी याला 'बाहेरचं झालंय' म्हणेल, सिस्टरच्या रजिस्टरात याला रकाना नसेल. दोघींच्या वादात मी सर्वांत जास्त धास्तावतो ते इथं.

राहिला कामाचा प्रश्न. "शेतात जाणाऱ्या बाईला सहा महिने पाजायला सांगता," आजी विचारते, "कापूस कोण वेचणार?" सिस्टरकडे याला उत्तर नाही, कारण ते तिच्या हातात नाही. २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ती पगारदार बायकांसाठी. कापूस वेचणारीसाठी त्याच वर्षी मातृवंदना योजना आली. पहिल्या बाळाला ५००० रुपये. सहा महिन्यांच्या मजुरीशी या रकमेची तुलना करायला पाटी-पेन्सिलही लागत नाही. सिस्टर एवढं शिकवू शकते की दूध हातानं पिळून, झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या वाटीत ठेवून जाता येतं. खोलीत गारवा असेल तर चारेक तास टिकतं, खानदेशच्या उन्हात तितकाही भरवसा नको. बाकी समाजानं काय केलं? एसटी स्टँडवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष केले. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या तेव्हा विधिमंडळातही हिरकणी कक्ष निघाला. पुढच्या अधिवेशनात मुंबईत तिथं धूळ असल्याची तक्रार त्यांनाच करावी लागली. आमदाराची ही कथा, तर मजूर बाईचं काय बोलायचं? हिरकणीची गोष्ट आपण आईच्या धाडसाची म्हणून मुलांना सांगतो. रायगडाचा दरवाजा त्या संध्याकाळी कुणी उघडला असता, तर तिला कडा उतरावा लागला नसता. आपण मात्र बुरुजाला तिचं नाव दिलं आणि दरवाजाबद्दल काही बोललोच नाही.

तेव्हा माझा निकाल असा: चिकाच्या, पाण्याच्या, मधाच्या बाबतीत आजीनं सिस्टरचं ऐकावं. आईजवळ माणूस बसवण्याच्या बाबतीत सिस्टरनं, आणि तिच्यावरच्या सगळ्या खात्यानं, आजीचं ऐकावं. या दोघींच्या मध्ये उभी राहू शकेल अशी एक तिसरी बाई सरकारनं नेमलेलीही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यामुळे बालमृत्यू किती घटले ते १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून तीच कल्पना देशभर आशाताईंच्या गृहभेटी म्हणून आली. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाकडे तिनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. दिवस पाहा: पान्हा उतरतो तो तिसरा, रडणं शिखराला पोचतं तो बेचाळिसावा. वेळापत्रक अचूक आहे. ती गावातली आहे, अहिराणी बोलते, आजीला आजी म्हणते, आणि अर्धा तास बसून पकड दाखवू शकते. या सहाही भेटी पूर्ण केल्या की एका बाळामागे तिला मिळणारा मोबदला तेव्हा ठरला २५० रुपये.